साडूंचं मध्यंतर

मध्यंतर या गोष्टीवर माझ्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा झालेला नाही. सिनेमावर जीव टाकणारे पोत्याने मिळतील. नाटकवेडे तर आमच्या गावात बालवाडीपासूनच तयार होतात. पण पडद्यावर ‘मध्यंतर’ अशी अक्षरं उमटली की अक्षता पडताना नवऱ्या मुलाचा होतो तसा ज्याचा चेहरा होतो, असा इसम मी एकच पाहिला, आणि नेमका तोच माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने नवरा म्हणून पसंत केला. “सिनेमा दिग्दर्शक करतो,” ते म्हणायचे, “मध्यंतर आपण करायचं असतं. पुढे काय होणार हे माहीत नसताना माणूस चहा कसा पितो, त्यावरून तो कसा आहे ते कळतं.” मी चहा बशीत ओतून पितो. त्यावरून मी कसा आहे, हे त्यांनी माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सगळ्या सासुरवाडीसमोर सांगून टाकलं होतं.

हे प्रेम फक्त थिएटरात असतं तर एक वेळ चाललं असतं. जेवताना पोळी संपली की भात वाढायच्या आधी हे गॅलरीत जाऊन उभे राहणार. मेव्हणी हातात भाताचं भांडं घेऊन ताटकळणार. सत्यनारायणाच्या पोथीत तिसरा अध्याय संपला की हे पूजेवरून उठत, आणि गुरुजी बिचारे घंटी हातात धरून यजमानांची वाट बघत. पुढे ते नोकरीला होते त्या कारखान्याने सगळ्यांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले, आणि बाकीचे लोक तोंडं पाडून घरी गेले, तेव्हा हे बिबवेवाडीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये येऊन शांतपणे म्हणाले, “मध्यंतर झालं.” मेव्हणीने विचारलं, “आणि पुढचा भाग?” त्यावर त्यांनी लेकीकडे बोट दाखवलं. शलाका तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. वर्षभरात ती हिंजवडीच्या एका कंपनीत लागली, आणि पुढचा भाग सुरू झाला.

या सगळ्याच्या मुळाशी एक सिनेमा होता. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण नाव निघालं की चांगल्या घरांत अजून आवाज चढतात. त्यात पोस्टमास्तरांची एक मुलगी असते. तिला गायचं असतं, बापाला ते नको असतं. एक दिवस ती ट्रंक घेऊन एस.टी. स्टँडवर येते. लांबून बस येते. मुलगी ट्रंक उचलायला वाकते, बस मध्ये येते, धूळ उडते, आणि मध्यंतर. मध्यंतरानंतर धूळ बसते तेव्हा बस गेलेली असते आणि मुलगी तिथेच उभी असते, ट्रंकेसकट. मग ती घरी येते, बाप दार उघडतो. साडूंनी हा सिनेमा किती वेळा पाहिला हे विचारू नका. विचारलं तर म्हणायचे, “मोजायला मी काय औषधाचे डोस घेतोय?” मात्र मुलगी ट्रंकेसाठी वाकली रे वाकली, की हे खुर्चीतून उठणार. खुर्चीवर रुमाल पसरणार, शेजारी बसलेल्या लहानग्या शलाकाला “रुमालावर हात ठेवून बस गं” म्हणून बजावणार, आणि दिवे लागायच्या आत बाहेर बटाटेवड्याच्या रांगेत पहिला नंबर. बसची धूळ त्यांनी पहिल्या खेळाला पाहिली तेवढीच. नंतरच्या प्रत्येक खेळाला धूळ उडताना ते वड्यापाशी होते.

त्या सिनेमाचं संगीत नाटक होणार अशी बातमी आली, तेव्हा मंडईजवळच्या आमच्या चहाच्या दुकानात रविवारी जमणाऱ्या मंडळींत उभी फूट पडली. एका बाकावर सिनेमावाले, समोरच्या बाकावर नाटकवाले. नाटकवाल्यांचे पुढारी म्हणजे कात्रजला दवाखाना असलेले एक होमिओपॅथ डॉक्टर. ते औषधाच्या गोळ्या जितक्या गोड देत तितकंच बोलणं कडू.

“रंगमंचावर एस.टी. कशी आणणार, ते तेवढं सांगा,” साडू म्हणाले.

“तुमच्या धुळीची सोय तुम्ही करा. एस.टी.चं आम्ही बघतो,” डॉक्टर.

“आणि प्रेक्षक वन्स मोअर ओरडले तर? घर सोडून जाणारी मुलगी दोनदा जाणार?”

“तुम्ही एवढ्या वेळा पाहिलात तेव्हा ती एकदाच जात होती का?”

यावर उत्तर म्हणून साडूंनी डॉक्टरांच्या चहाचे पैसे देणं बंद केलं. हे भांडण आठवडेच्या आठवडे चाललं. माझं म्हणाल तर मी दोन्ही बाकांच्या मध्ये स्टूल ओढून बसायचो आणि दोन्हीकडून बोलणी खायचो.

खरा भडका उडाला तो घरात. नाटक बसवणारी मंडळी सगळी कॉम्प्युटर कंपन्यांतली, शनिवार-रविवार तालमी करणारी हौशी पोरं. एका संध्याकाळी आम्ही नवरा-बायको मेव्हणीकडे जेवायला गेलो होतो. शलाकाने आमटी वाढून घेतली आणि अगदी सहज म्हटलं, “बाबा, त्या नाटकात मुलीचं काम मी करतेय.”

साडूंचा घास हातातच राहिला. क्षणभर मला वाटलं, आता हसतील. पण त्यांनी विचारलं, “मध्यंतर कुठे आहे?”

“बापाने दार उघडल्यावर. आमच्याकडे बस नाही ना, म्हणून स्टँडवर एक नवं गाणं घातलंय. ती ट्रंक उचलते, बस निघून जाते, ती तिथेच उभी राहते आणि गाते. चाल मी केलीय.”

“म्हणजे ती जात नाही हे लोकांना चहाच्या आधीच कळणार.”

“हो, पण का जात नाही हे गाण्यात कळतं, बाबा. सिनेमात ते कुठे कळतं?”

साडू पानावरून उठले. भात राहिलाच होता, त्यामुळे मेव्हणीला आधी ते नेहमीचं उठणं वाटलं. पण गॅलरीतून ते परत आले नाहीत. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं. बंद म्हणजे पुणेरी बंद. लेक समोर बसलेली असताना ते बायकोला सांगत, “आपला डबा भरून ठेवला आहे, असं त्यांना सांगा. उशीर होणार असेल तर तसं कळवण्याची कृपा करावी म्हणावं.” ज्या पोरीला त्यांनी खांद्यावरून थिएटरात नेलं, तिला ते ‘आपण’ म्हणायला लागले. मला ते ऐकवत नसे. मेव्हणी पदराने डोळे पुसे आणि वर मलाच विचारे, “तुम्ही मधले ना? मग काहीतरी करा की.”

शलाका बापाचीच लेक. तिने मला जिन्यात गाठलं. “काका, प्रयोगाला ते आले नाहीत, तर मी ऑफिसजवळ मैत्रिणींबरोबर खोली घेणार आहे. बॅग भरून ठेवलीय. त्यांना नाटक आवडलंच पाहिजे असं नाही. एकदा बसून ते गाणं ऐकावं आणि काय ते मला तोंडावर सांगावं, ‘आपण’ न म्हणता.” तिचा आवाज अगदी शांत होता. मला रडणाऱ्या पोरी परवडतात, शांत पोरींची धास्ती वाटते. पलंगाखाली ती बॅग खरंच भरलेली होती, मेव्हणीने मला दाखवली.

साडूंना तयार करायला मला चार रविवार खर्ची घालावे लागले. शेवटी म्हणाले, “येतो. गाणं ऐकतो. पण टाळी वाजवीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.” मी हे शलाकाला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, “तेवढंच हवंय.”

प्रयोगाच्या दिवशी आमची तिसरी रांग होती. साडूंनी कडेची खुर्ची घेतली, हाताची घडी घातली, आणि बोर्डाच्या परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखे पडद्याकडे बघत बसले. पलीकडे मेव्हणी जपमाळ ओढल्यासारखी मंगळसूत्र ओढत होती. मागच्या रांगेत डॉक्टर होते, आणि रविवारची झाडून सगळी मंडळी. त्यांच्यातला निम्मा भाग नाटक बघायला आला होता आणि निम्मा साडूंना. पडदा वर गेला, शलाका आली, पहिलं पद झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडूंची घडी सुटली नाही. दुसऱ्या प्रवेशात मी हळूच पाहिलं तर घडी सुटली होती. तिसऱ्यात त्यांचे ओठ हलत होते. पोस्टमास्तरांची सगळी वाक्यं ते पुटपुटत होते. मला जरा श्वास घेता आला. मेव्हणीने मंगळसूत्र सोडलं.

मग स्टँड आला. एक बाक, एक पाटी, एक ट्रंक. लांबून बसचा आवाज. शलाका ट्रंकेसाठी वाकली, आणि साडू उठले.

सरळ उठले, पाठ फिरवली आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, “उठले बघा.” मेव्हणीने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. शलाका ट्रंक घेऊन ताठ झाली आणि प्रेक्षकांकडे वळली, तेव्हा तिच्या समोर बापाची पाठ होती. मी तिचा चेहरा पाहिला. बस निघून गेल्याचा आवाज झाला, पेटीवाल्याने सूर दिला, पुन्हा दिला, आणि मग कुठे तिने गाणं उचललं. पहिल्या ओळीत आवाज फाटला होता, नंतर सावरला. ते गाणं कसं झालं हे मला नीट सांगता येणार नाही, कारण मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो होतो. खुर्चीवर रुमाल पसरलेला होता. चार कोपरे नीट ओढून.

दिवे लागल्याबरोबर मी बाहेर धावलो. साडू वड्याच्या टेबलापाशी उभे होते, हातात कागदात बांधलेले वडे. त्यांच्या मागे रांग नव्हती, आता कुठे लोक येऊ लागले होते. वडेवाला मला म्हणाला, “हे कधीचे आलेत. मी म्हटलं काका, अजून वेळ आहे, तर एकदम पांढरे पडले.” साडू मला म्हणाले, “दारावरचा आत सोडेना हो. गाणं चालू असताना सोडत नाहीत म्हणे.” मग विचारलं, “तिने पाहिलं?”

“पाहिलं.”

तेवढ्यात डॉक्टर आले. “निषेध खूप पाहिले,” ते म्हणाले, “पण वडे बांधून घेऊन केलेला हा पहिलाच.” साडू पुडक्याचा दोरा घट्ट करत राहिले. इतक्या वर्षांत डॉक्टरांना उत्तर न मिळण्याची ही पहिलीच वेळ असावी. ते चपापले आणि आपला चहा घेऊन लांब जाऊन उभे राहिले. साडूंना आत जाऊन लेकीला भेटायचं होतं, पण मध्यंतरात रंगपटात सोडत नाहीत. मग उरलेलं नाटक त्यांनी वड्यांचं पुडकं मांडीवर धरून पाहिलं. तेल पँटला लागत होतं, त्यांना कळत नव्हतं. शलाका एकदाही आमच्या बाजूला बघून गायली नाही.

नाटक संपल्यावर आम्ही रंगपटात गेलो. शलाका आरशासमोर बसून वेणी सोडत होती. आरशातूनच म्हणाली, “आलात, आभारी आहे. माझी बॅग आई आणून देईल.”

“अगं, मी,” साडू म्हणाले आणि थांबले. ज्या माणसाने मध्यंतर या एका विषयावर महिनोन्महिने मंडईतला चहा निववला, त्याने हातातलं पुडकं उगाच पुढे केलं. “तू वाकलीस ना ट्रंकेला. मला वाटलं आता मध्यंतर. गर्दी व्हायच्या आत तुझ्यासाठी वडा घ्यावा म्हणून.”

“मध्यंतर तिथे नाही म्हणून तर तुम्ही बोलत नव्हता माझ्याशी.”

“हो. ते विसरलो.”

शलाका वळली. “विसरलात?”

“नाटक आहे हेच विसरलो गं.” त्यांचा आवाज बसला होता. “रुमाल ठेवून गेलो होतो. विचार यांना.”

मी मघाशी खुर्चीवरून उचललेला रुमाल खिशातून काढून टेबलावर ठेवला. शलाका त्याच्याकडे बघत राहिली, मग लहानपणी ठेवायची तसा तिने त्यावर हात ठेवला, आणि तोंडाचा रंग ओघळेपर्यंत रडली. नंतर गार वडा खाल्ला. साडूंच्या तोंडून पुन्हा ‘तू’ निघाल्याचं त्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मेव्हणीच्या आलं होतं.

पुढच्या प्रयोगाला साडूंना मी आणि डॉक्टरांनी दोन बाजूंनी धरून बसवलं, तेव्हा कुठे त्यांनी ते गाणं ऐकलं. अभिप्राय तोंडावर दिला: “चाल चांगली आहे. जागा चुकलीय.” शलाकाला तो आजही पाठ आहे.

नाटक फार चाललं नाही. कंपन्यांनी एकेकाला परदेशी धाडलं. आधी पोस्टमास्तर गेले, मग पेटीवाला, मग शलाकाही गेली. तीच बॅग पुन्हा भरली गेली, आणि या वेळी झाकण बसावं म्हणून साडू स्वतः तिच्यावर बसले. परत कधी येणार, येणार की नाही, हे तिने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. दर रविवारी तिचा फोन येतो. निम्म्या गप्पा झाल्या की साडू म्हणतात, “चल, मध्यंतर,” आणि फोन ठेवून देतात. मेव्हणी अजून चिडते, तिकडून पोरीचे पैसे पडतात म्हणते. साडू स्वतः चहा करतात, मी असलो तर मला बशीसकट देतात, आणि कप घेऊन फोनशेजारी उभे राहतात.

मग फोन वाजतो. आजवर दर वेळी वाजला आहे. पण तो वाजेपर्यंत साडूंनी चहाचा एक घोटही घेतलेला मी पाहिलेला नाही.