पाच जण, वाशीममार्गे

विलायतेतल्या त्या पाच जणांच्या रॉक बँडचा शेवटचा दौरा साऱ्या जगात सर्वांत बारकाईने कुणी पाहिला असेल, तर तो वाशीमच्या बसस्टँडसमोर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आमच्या चाचांनी. हजारो गोऱ्या माणसांनी तो समोर उभं राहून पाहिला म्हणतात. पण समोर उभं राहिलं की पुढच्याचं डोकं आडवं येतं. चाचांच्या आड कुणाचंच डोकं आलं नाही, कारण ते तोवर शेजारच्या मालेगावच्या पलीकडे गेलेच नव्हते.

चाचा माझे नात्याने कोणी नव्हेत. त्यांचं दुकान आणि आमचं घर यांच्यात एक भिंत सामाईक होती, एवढंच. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून. आपल्या आजोबांना शाळेच्या ओट्यावरही बसू दिलं नव्हतं, या एका गोष्टीचं उत्तर म्हणून त्यांनी मला थेट अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं, वसतिगृहात ठेवलं, बी.ए. केलं. मग मी घरी येऊन नोकरीचे अर्ज टाकत बसले. गावातली माणसं माझ्याशी बोलायला बिचकायची आणि मी त्यांच्याहून जास्त बिचकायची, त्यामुळे महिनोन्‌महिने फार शांततेत गेले. चाचांनी मात्र पहिल्याच दिवशी भिंतीवरून हाक मारली, "कानव्हेंट! ये इकडं बेटा, हे इंग्रजी काय लिहून राह्यले, वाच बरं." माझं नाव त्यांनी तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही.

या वेडाची सुरुवात इंझोरीहून दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या रेडिओपासून झाली होती. चाचांनी त्याची डागडुजी केली, स्टेशन लागतं का पाहायला काटा फिरवला आणि खरखरीतून अचानक त्या पाच जणांचं गाणं बाहेर आलं. ते ऐकताना डाग द्यायची तापलेली सळई त्यांच्या हातून टेबलावरच राहिली आणि लाकूड वीतभर जळलं. ती काळी खूण ते गिऱ्हाइकांना दाखवत, "इथं बसून आयकलं मी." पुढे त्यांनी अकोल्याहून कुणाकडून तरी त्या गाण्याची तबकडी मागवली. तिच्यावर मधोमध एक ओरखडा होता. तिथे आली की सुई अडायची आणि तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजायचे. सातव्यांदा वाजले की चाचा बोटाने सुईला हलकेच टिचकी मारत आणि गाणं पुढे जाई. वाशीममध्ये ते गाणं असंच आहे असा सर्वांचा समज होता. दुकानात रोज येऊन बसणारे आमचे बँडमास्तर, म्हणजे लग्नाच्या वरातीत पिवळ्या कोटात सनई-क्लॅरिनेट फुंकणारे, त्यांनी ते गाणं आपल्या बँडवर बसवलं तेव्हा ते चार सूरही सात वेळा बसवले आणि सातव्यांदा शेजारचा झांजवाला त्यांच्या कोपराला टिचकी मारे. नवरदेव घोड्यावर बसून हा सोहळा गंभीरपणे पाहत असे.

त्या पाच जणांची इंग्रजी नावं चाचांना पसंत नव्हती. एका साप्ताहिकात छापलेला त्यांचा फोटो त्यांनी पुठ्ठ्यावर डकवला होता आणि चेहरे बघून प्रत्येकाचं बारसं केलं होतं. साऱ्या गावाला दरडावतो तसा गाणारा, तो पाटील. गिटारवर लांबच लांब बाजू मांडणारा, तो वकील. कोपऱ्यात चांगले कपडे घालून गप्प उभा राहणारा दुसरा गिटारवाला, तो जावाई. पेटीवाला मास्तर. आणि ढोलताशांच्या ढिगाऱ्यात बसून दोन्ही हातांनी ठोकणारा, तो लोहार. "जावाई आज बी काही बोलला नाई काय?" असं चाचा काळजीने विचारत, तेव्हा नव्या माणसाला वाटायचं, यांच्या घरचंच काही बिनसलंय.

दौऱ्याच्या बातम्या ज्या साप्ताहिकात येत, ते साहेब लोकांच्या बंगल्यावरून रद्दीत निघून सहा महिन्यांनी चाचांपर्यंत पोचायचं. तिकडे दौरा संपून ते पाच जण आपापल्या घरी झोपले असतील तेव्हा इकडे वाशीमला त्यांनी नुकतं सामान बांधायला घेतलं होतं. चाचांनी त्यासाठी दुकानाच्या दारावर काळी पाटी लावली, हुबेहूब एस.टी. स्टँडवर असते तशी: गाव, आगमन, प्रस्थान, शेरा. मी अंक वाचून सांगायची आणि ते खडूने लिहायचे. आगमनापुढे नेहमी "सहा महिने उशिरा". शेऱ्यात "गर्दी फार" किंवा "पाटलाचा घसा बसला". समोरच्या स्टँडवरचे उतारू चुकून हीच पाटी वाचत आणि एकदा एक म्हातारे, हातात वळकटी घेऊन, ही गाडी मंगरूळला थांबते का, असं विचारायला आले होते. पाटीच्या तळाशी "आज्ञेवरून" असंही लिहिलेलं होतं, पण त्याखालची जागा कोरी होती. मी एकदा विचारलं, तर चाचा म्हणाले, "तिथं आगार व्यवस्थापकाचं नाव राह्यते. या गाडीचा मालक कोन, ते अजून समजलं नाई."

मी वाचायची म्हणजे काय, तर दुकानातल्या स्टुलावर मान खाली घालून पुटपुटायची. पहिल्यांदा चाचा आणि बँडमास्तर दोघेच ऐकायला होते. शेवटच्या कार्यक्रमाचा अंक आला त्या दिवशी पायरीवर शिंपी, पानवाला, दोन कंडक्टर आणि कोर्टात तारीख असलेले काही लोक, असे पंधरा-वीस जण बसलेले. दुपारची वेळ. मी सुरुवात केली. मोठं मैदान, चिखल, पाटलाची आरोळी, वकिलाची बाजू. पानाच्या तळाशी लिहिलं होतं की शेवटच्या गाण्याची हकीकत तिसाव्या पानावर. मी पान उलटलं. तिसावं पान नव्हतं. अठ्ठाविसाव्यानंतर थेट केसांच्या तेलाची जाहिरात होती.

पान नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि वीस माणसांसमोर स्वतःचं एक वाक्य बोलणं मला जन्मात जमलेलं नव्हतं. वाचणं जमायचं, ती दुसऱ्याची वाक्यं असायची. मी घाबरून वर पाहिलं. दुकानातला पंखा बंद पडलेला होता, रोजच्यासारखा. मी जाहिरातीवर नजर ठेवून वाचलं, "आणि इतक्यात सगळ्या मैदानाची लाइट गेली."

कुणालाही नवल वाटलं नाही. "जातेच," बँडमास्तर म्हणाले.

मग पुढचं मला थांबवताच येईना. गिटारी विजेवरच्या, त्या मुक्या झाल्या. पेटी मुकी झाली. पाटलाचा आवाज माइकशिवाय पहिल्या रांगेपर्यंतही जाईना. एकट्या लोहाराला विजेची गरज नव्हती. तो अंधारात वाजवत राहिला. आधी एकटा, मग त्याच्या ठेक्यावर एक टाळी पडली, मग शंभर, मग सगळं मैदान, आणि लोकांनीच ते गाणं शेवटपर्यंत म्हटलं. लाइट आली तेव्हा पाचही जण लोकांकडे बघत उभे होते, हात जोडून.

"हात जोडून?" चाचांनी विचारलं.

"हो," मी तेलाची जाहिरात मिटत म्हटलं.

चाचांनी चष्मा काढून पुसला. बँडमास्तर म्हणाले, "लोहार म्हणजे लोहारच बाप्पा." त्या दिवशी पाटीच्या शेवटच्या ओळीत प्रस्थानाच्या पुढे शेरा लिहिला गेला: लाइट गेल्ती.

त्यानंतर रोज संध्याकाळी दुकानात त्या कार्यक्रमाच्या आठवणी निघू लागल्या. माणसं गेलेल्या लग्नाबद्दल बोलतात तसं ही मंडळी न गेलेल्या कार्यक्रमाबद्दल बोलत. "लाइट गेल्ती तवा काय गार वारा सुटला होता," असं शिंपी म्हणाला, आणि मी कुठेही वारा घातला नव्हता. मला रोज वाटायचं, आज सांगून टाकावं. मग एप्रिल आला. जयंतीची मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि रस्त्यावरचे दिवे गेले. एरवी अशा वेळी बँड थांबायचा, लोक खोळंबायचे, कंदील शोधायला पोरं धावायची. त्या संध्याकाळी बँडमास्तरांनी हात वर केला. सगळी वाद्यं गप्प झाली आणि फक्त ढोल सुरू राहिला. एक टाळी पडली, मग शंभर. बायका ओट्यावरून उतरून टाळ्या वाजवत चालू लागल्या, माझी आईसुद्धा. मिरवणूक अंधारातून एक पाऊलही न थांबता पुढे गेली. चाचा दुकानाच्या पायरीवर उभं राहून दोन्ही हातांनी ठेका धरत होते. मी दारात उभी होते, आणि माझी थाप माझ्यासमोरून वाजतगाजत निघाली होती.

आता ती परत घेणं अवघडच झालं होतं. आणि नेमका जूनमध्ये वडिलांच्या साहेबांचा भाचा विलायतेहून आला. खांद्यापर्यंत केस, पायात घोळदार पँट. मामांचा ट्रान्झिस्टर दुरुस्तीला घेऊन दुकानात आला, पाटी वाचली, पोट धरून हसला आणि म्हणाला, "अहो, या शेवटच्या शोला मी स्वतः होतो!"

चाचांनी आपलं स्टूल झटकून त्याला बसायला दिलं, बँडमास्तरांनी चहा सांगितला. चाचांनी त्याचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "याच हातानं टाळ्या वाजवल्या?" मग प्रश्न सुरू झाले. वकील डाव्या बाजूला होता की उजव्या? भाच्याला आठवेना. जावाई काही बोलला का? कोण जावाई? "फार लांब होतो हो आम्ही," तो म्हणाला, "आणि चिखलात माझा बूट गेला." त्याला मुख्यतः बूटच आठवत होता. चाचांना त्याची दया येऊ लागली होती.

तेवढ्यात बँडमास्तरांनी विचारलं, "बरं, ते लाइट गेल्ती तवा तुमी कुठं होते?"

"लाइट?" भाचा म्हणाला. "तिथे लाइट जात नसते हो."

मी भिंतीला टेकून उभी होते. बँडमास्तर माझ्याकडे बघत होते, शिंपी माझ्याकडे बघत होता. दोन वर्षं ज्या माणसाने माझ्या शब्दावर पाटी लिहिली, त्याला आता अर्ध्या बाजारासमोर खोटं ठरावं लागणार होतं.

चाचा माझ्याकडे बघत नव्हते. कोर्टातली उलटतपासणी आमच्या गावात लहान पोरालाही येते. चाचांनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुमी शेवटपरेंत होते काय?"

"म्हणजे, जवळजवळ. आमची शेवटची ट्रेन होती ना. दोन गाणी राहिली होती, तेव्हा निघालो."

"निघाले?"

"ट्रेन चुकली असती."

चाचा उठून उभे राहिले. लाइट वगैरे ते विसरूनच गेले होते. "पाच जण तिथं वाजवून राह्यले," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच कापत होता, "लोहार घामाघूम होऊन राह्यला, अन् तुमी उठून गेले? आमी इथं सहा महिने वाट पाह्यली, अन् तुमाले दोन गाणे बसवलं नाई?"

"अरे देवा," एक कंडक्टर म्हणाला, "सीट रिझर्व्ह करून मधातच उतरले!"

पायरीवर हशा आणि टाळ्या एकदम फुटल्या. बँडमास्तरांनी तिथेच क्लॅरिनेट काढलं. भाचा लाल झाला, पण माणूस चांगला होता, चहा संपवून त्याने हळूच विचारलं, "मग मी गेल्यावर नक्की काय झालं?" आणि जो कार्यक्रम त्याने पाहिला होता त्याचा शेवट, न पाहिलेल्या सात जणांनी त्याला सांगितला. तो चार दिवस ऐकायला येत होता. जाताना म्हणाला, परत गेलो की मित्रांना सांगतो.

ते ऐकून मला राहवेना. थाप आता बोटीने विलायतेला निघाली होती. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना मी गेले आणि माझं आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य एका दमात बोलले. तिसावं पान नव्हतं, लाइट माझी, टाळ्या माझ्या, जोडलेले हातही माझे.

चाचा एका सेटचा स्क्रू आवळत होते. तो पूर्ण आवळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "लोहार एकटा वाजवत राह्यला, हे बी तुयंच?"

"हो."

"तिकडं लाइट गेली का नाई, आपल्याले काय माहीत," ते म्हणाले. "इकडं गेल्ती. मी होतो ना तिथं." मग मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "कानव्हेंट, एवढं बोलता येते तुले, मंग दोन वर्षं कायले पुटपुटत होती?"

दुपारी मी दारात आले तेव्हा पाटी पुसलेली नव्हती. शेरा तसाच होता, लाइट गेल्ती. फक्त तळाशी "आज्ञेवरून"खालची कोरी जागा भरलेली होती. तिथे ठळक, एस.टी.च्या अक्षरात लिहिलं होतं: कानव्हेंट.

बँडमास्तरांनी ते काय म्हणून विचारलं, तर चाचा म्हणाले, "मालक सापडला."

पुढच्याच महिन्यात मला नागपूरला नोकरी लागली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, बोलायची सवय आहे का, आणि मी हो म्हटलं. इथे लाइट क्वचित जाते. गेली की वसतिगृहातल्या मुली वैतागून मेणबत्त्या शोधतात. मी थोडा वेळ तशीच बसून राहते. सगळं मुकं झालेलं असतं, आणि त्या अंधारात कुठे ठेका सुरू होतो का, याकडे माझे कान लागलेले असतात.