भर दुपारी बोलणारं पोट

कंपनीत लागेपर्यंत माझं पोट म्हणजे गावाचं घड्याळ होतं. ते वाजलं की शेजारीण भाताला आधण ठेवायची. एकदा जिते स्टेशनात उभा असताना ते इतक्या मोठ्यानं वाजलं, की मास्तरनं दचकून हिरवा झेंडा दाखवला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. गाडी सुटली हे खरं आहे.

मग नव्वदच्या दशकात रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लागलो. आठवडाभर पहिली शिफ्ट, आठवडाभर दुसरी, मग तिसरी. तिसरी सुटली की सकाळच्या बसमध्ये सगळे ताठ बसलेले, डोळे अर्धे उघडे आणि गाढ झोपलेले. निडीच्या वळणावर बस कलली की सगळ्या माना एकदम कलायच्या. आम्हाला बघून म्हशी रस्ता सोडून चिखलात उतरत.

घरी आलो तरी झोप कसली! आमच्याकडे भर दुपार ही वाईट वेळ. शेतात माणूस नाही, कावळे गप्प, विहिरीकडे कुणी फिरकत नाही. मी आढ्याकडे बघत पडलेला असायचो आणि पोट बोलायचं. भुकेचं गुरगुरणं मला ओळखीचं. हे तसलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत एखादा म्हातारा दबक्या आवाजात कुणाशी तरी भांडतोय, असं. ताटावर बसलं की तो गप्प, आणि घास दगडासारखा पडून राहायचा.

त्यातच नडगीला पिंपाचा पत्रा लागला. बोटभर ओरखडा. एरवी असला ओरखडा अंघोळीला जाऊन येईपर्यंत भरायचा. हा मिटेना. शिफ्टा फिरत राहिल्या, जखम ओलीच. कडेनं लाली वर चढू लागली.

आईनं माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मूठभर मिरच्या, पण ठसका लावणारी खाट उठली नाही. कुणी खोकलं नाही, कुणी शिंकलं नाही. ती चुलीकडे बघतच राहिली.

"पोटात कोनतरी बसलाय तुझ्या," ती म्हणाली. "त्याला जेवन नाय मिळाला, तर तो पाय खाईल."

तेव्हापासून जरा डोळा लागला की ती मला गदागदा हलवून भात भरवायची. दिवेलागणीला पुन्हा हलवायची, कारण तिन्हीसांजेला झोपलेला माणूस तिला घरात चालत नव्हता.

शेवटी पेणला डॉक्टरांकडे गेलो. रक्तात साखर वाढलेली नव्हती. "झोपता कधी, जेवता कधी?" त्यांनी विचारलं. मी सांगत गेलो तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"शरीराला घड्याळ असतं," ते म्हणाले. "आतड्यांना असतं, रोगाशी लढणाऱ्या पेशींनाही असतं. प्रत्येकाची पाळी ठरलेली. तुम्ही दर आठवड्याला सगळ्यांची ड्यूटी बदलता, वर झोपेतून उठून जेवता. आतडी गोंधळलीत आणि जखम भरणारे कामगार गैरहजर आहेत." औषध दिलं आणि बजावलं: अंधारात सलग झोपा, मध्ये जेवू नका, जमलं तर एकच शिफ्ट घ्या. "लाली गुडघ्याच्या वर गेली, तर पायाची हमी माझ्याकडे मागू नका."

आईला सांगितलं, तर ती म्हणते, "डागदर बाहेरून बघतो. आतला त्याला काय ठाव?"

साहेबांकडे शिफ्ट बदलून मागायची माझी छाती नव्हती. नवा होतो, उद्यापासून येऊच नको म्हणाले असते.

दुसऱ्या दुपारी लाली गुडघ्याला टेकली. आई ताट घेऊन आली, पण मला हलवलं नाही. उशाशी बसून तिनं माझ्या पोटालाच विचारलं, "कोन हाय बाबा तू? काय पायजे तुला?"

पोट गुरगुरलं. लांबलचक, उत्तर दिल्यासारखं. माझ्याच अंगावर काटा आला. पण अशी संधी मी सोडतोय होय! डोळे मिटून, घसा खरवडून म्हणालो, "दुपारचा उठवू नको गो बाय..."

ताट खणकन जमिनीवर टेकलं. "मंग जेवशील कवा, बाबा?"

"सकाळी आल्यावर थोडा. मंग उठल्यावर. मधी नाय. काळोख कर. दिवेलागणीला पन हात लावू नको."

"व्हय बाबा. आन माझ्या पोराचा पाय?"

"सोडतो," म्हणालो, आणि पुढचं काही सुचायच्या आत मला झोप लागली. कित्येक महिन्यांत लागली नव्हती तशी.

जाग आली तेव्हा खिडकीला गोणपाट ठोकलेलं होतं आणि दारात आई राखणीला बसली होती.

"सगळा केला सांगितल्यापरमानं," ती म्हणाली. "आन उद्या सायबाकडं जा. दिवसाची पाळी माग. तो नाय म्हनायचा नाय."

"हे कुणी सांगितलं?"

तिनं माझ्या पोटाकडे बोट दाखवलं.

"अगं, पण असं कधी बोललो मी... तो?"

"तू घोरत व्हतास तवा."

जन्मभर थापा मारत आलोय, त्यातली एकूण एक मला ओळखता येते. ही माझी नव्हती. तरी गेलो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत साहेब म्हणाले, "ठीक आहे, सोमवारपासून दिवसपाळीला या." हे म्हणताना ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते; शर्टाच्या खालच्या बटणाकडे बघत होते. पुढे जखमेनं खपली धरली, ती वाळून पडली. पाय आहे. दुपारी मात्र मी घरात एकटा झोपत नाही.