दोन करंज्यांच्या मधली जागा

रुग्णवाहिका आल्याशिवाय सामना सुरू करायचा नाही, असा नियम होता. ती बहुतेक वेळा उशिरा येई. दोन्ही संघ हेल्मेट काखेत धरून थंडीत उभे राहत, आणि रग्बीच्या मैदानावर सकाळी आखलेल्या आमच्या रेघा पावसाने फिकट होत जात. पिवळी गाडी गेटमधून आत वळली की बाकीची मुलं टाळ्या वाजवत. मी वाजवत नसे. तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली असे, अगदी मैदानाच्या कडेला, आणि मागची दारं मैदानाकडे.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर मी इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या एका विद्यापीठात शिकत होतो आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होतो. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा. मला ती जागा मिळाली कारण क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून माझी फेक सरळ येत असे, आणि संघात दुसरं कोणी ते करायला तयार नव्हतं. मी ज्याच्याकडे सर्वांत जास्त चेंडू फेकायचो तो रिसीव्हर माझा लहानपणापासूनचा मित्र. तो लंडनच्या पिनर भागातला, मी क्रॉयडनचा. रविवारी एका चर्चच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग भरत असे. तिथे आम्ही सात-आठ वर्षांचे असल्यापासून मागच्या बाकावर एकत्र बसत आलो होतो.

या खेळात चेंडू कुठे फेकायचा हे आधी ठरवून भागत नाही. समोरचा संघ कसा उभा आहे ते पाहून ते शेवटच्या घटकेला ठरवावं लागतं. बचाव करणाऱ्यांपैकी सगळ्यात मागे जे उभे असतात त्यांना सेफ्टी म्हणतात. एकच सेफ्टी मागे असेल तर तो मधोमध उभा राहतो. तेव्हा मधली जागा बंद असते आणि रिसीव्हरने कडेला पळायचं असतं. दोन सेफ्टी असतील तर ते मैदान अर्धं-अर्धं वाटून घेतात आणि त्यांच्या मधोमध जागा मोकळी पडते. तेव्हा रिसीव्हरने काही अंतर सरळ पळून मधे वळायचं असतं. मात्र मधे वळणाऱ्या माणसाचं लक्ष चेंडूकडे असतं. पलीकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. मला दिसतं.

कडेला जाण्यासाठी आमचा शब्द होता ‘बाहेर’, मधे वळण्यासाठी ‘आत’. मी तो रांगेत उभा राहून मोठ्याने ओरडायचो. इतर संघ रंगांची किंवा शहरांची नावं वापरत आणि दर सामन्याला बदलत. आम्ही काही बदललं नाही. “मराठीच कोड आहे, कोडला आणखी कोड कशाला?” असं मित्राचं म्हणणं होतं. आमच्या दोघांच्या घरात ती सवयच होती. ट्रेनमध्ये समोर बसलेल्या माणसाच्या टोपीबद्दल, दुकानाच्या रांगेत पुढच्या बाईच्या खरेदीबद्दल आमचे आईवडील भर आवाजात मराठीत बोलत. मराठी म्हणजे दार लावून घेतलेली खोली आहे असं आम्ही धरून चाललो होतो. संघातल्या इंग्लिश मुलांनी आमच्या शब्दांना ‘मंत्र’ असं नाव ठेवलं होतं. सामन्याआधी कोणीतरी हमखास विचारायचं, आज देव कोणत्या बाजूला आहे म्हणून.

ऑक्टोबरमध्ये एका सामन्यात मी ‘आत’ ओरडलो आणि तो आत वळला. सेफ्टी दोन होते, जागा मोकळी होती, चेंडू बरोबर गेला. पण त्यातला एक सेफ्टी मी धरला होता त्यापेक्षा वेगवान निघाला. मित्र आडवा पडला तो लगेच उठला नाही. रुग्णवाहिकेतली माणसं धावत आली. त्याचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बधिर झाला होता. थोड्या वेळाने हात हलायला लागला. तपासण्या झाल्या, मानेचं स्कॅन झालं, काही आठवडे विश्रांती झाली, आणि तज्ज्ञांनी खेळायला हरकत नाही असं लिहून दिलं. त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

त्याची आई, म्हणजे काकू, मणक्याच्या दुखापतींच्या वॉर्डात डॉक्टर होत्या.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी पिनरला त्यांच्याकडे गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर फराळाचे डबे उघडे होते. आम्ही पुढच्या सामन्याची आखणी करत होतो. समोरच्या संघासाठी शंकरपाळे, आमच्यासाठी काजू, मागच्या दोन सेफ्टींसाठी दोन करंज्या. मी काहीतरी समजावत असताना मित्राने मधला एक शंकरपाळा उचलून तोंडात टाकला.

“त्यांचा लाइनबॅकर खाल्लास तू,” मी म्हटलं.

“मग जागा झाली ना मोकळी.”

काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि टेबलाकडे बघत राहिल्या. त्यांचा मुलगा कोणता, असं त्यांनी विचारलं. मी कडेचा काजू दाखवला. तो जातो कुठे? मी काजू सरळ पुढे सरकवला आणि दोन करंज्यांच्या मधे वळवला. त्यांनी ट्रे एका हातात घेतला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या मोकळ्या जागेवर ठेवलं. इथे कोण येतं, असं विचारलं. मी म्हटलं, यांच्यापैकी कोणीतरी. किती जोरात, हे त्यांनी विचारलं नाही.

निघताना त्या गाडीपर्यंत आल्या.

“तो वीस वर्षांचा आहे,” त्या म्हणाल्या. “मी नाही म्हटलं तरी तो खेळणार. पण चेंडू तू टाकतोस.”

मी प्रयत्न करतो म्हणालो.

“प्रयत्न करतो असं आम्ही पेशंटच्या नातेवाइकांना सांगतो,” त्या म्हणाल्या, आणि गाडीचं दार लावलं.

त्यानंतर मला नीट फेकता येईना. फेक बिघडली नव्हती, बघणं बिघडलं होतं. क्वार्टरबॅकने पूर्ण मैदान बघायचं असतं. मी फक्त सेफ्टींकडे बघत होतो. दोन दिसले की योग्य शब्द ‘आत’ हे माहीत असूनही तो तोंडातून निघत नसे. आमचे कोच पेशाने शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी एकदा शांतपणे विचारलं की मैदानाचा मधला भाग मी विकून टाकलाय का.

फेब्रुवारीतला सामना लंडनच्या दक्षिणेला होता. तो हरलो असतो तरी आमचा हंगाम तिथेच संपणार नव्हता, पण मुलांना तो हवा होता. समोरच्या संघात सव्वीस नंबरचा सेफ्टी होता, उंच आणि सडपातळ. हेल्मेटच्या जाळीमागे चेहरे दिसत नाहीत, हातात मोजे असतात, पाठीवर नाव नसतं. तो कोण हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

पहिल्या भागात मी दोनदा ‘बाहेर’ ओरडलो. दोन्ही वेळा चेंडू माझ्या हातात येण्याआधीच सव्वीस नंबर कडेकडे झुकला होता. आमच्या जुन्या सामन्यांची टेप त्यांनी पाहिली असणार असं मी धरलं. तिसऱ्या भागात दोन सेफ्टी मागे होते, मधली जागा मोकळी होती, आणि कोच कडेवरून माझ्याकडे बघत होते. मी ‘आत’ ओरडलो. चेंडू हातात आला तेव्हा सव्वीस नंबर मधोमध निघालेला होता. मला तो दिसला, पण तोवर हात पुढे गेला होता.

धडक खांद्याला खांदा अशी झाली. मित्र पाठीवर पडला. मी पळत सुटलो. रुग्णवाहिकेचं एक दार उघडलेलं मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. मित्राने मानेला हात लावला. सव्वीस नंबर त्याच्यावर वाकून काहीतरी बोलत होता. मग त्याने हात दिला आणि मित्र उठला.

परत येताना मी त्याला बोटं हलवून दाखवायला लावली. त्याने दाखवली.

“तो आपला आहे,” तो म्हणाला.

“आपला म्हणजे?”

“मराठी. मला म्हणाला, ‘लागलं का रे, तुझा मान ठीक आहे ना?’”

‘मान’ त्याने पुल्लिंगी केली होती, म्हणजे इथेच वाढलेला. मी दुपारभर त्या माणसाला माझा मित्र कुठे सापडेल ते आधी ओरडून सांगत होतो.

त्यानंतर मी एकही शब्द ओरडलो नाही. कोचच्या खुणांवर खेळलो, चेंडू न फेकता घेऊन पळालो, आणि सामना शेवटच्या चालीपर्यंत आला. आम्ही पाच गुणांनी मागे होतो, आणि चेंडू गोलरेषेपार नेला तर सहा मिळतात. गोलरेषा वीस यार्डांवर होती. वेळ एका चालीपुरता उरला होता. घोळक्यात मित्र माझ्या हेल्मेटला हेल्मेट टेकवून म्हणाला, “उलट बोल. तू बाहेर म्हण, मी आत जातो.”

मी नाही म्हणालो.

“तो बाहेर पळेल. मधे कोणी नसेल. बोल तू.”

रांगेत उभा राहिल्यावर मी मागे पाहिलं. सेफ्टी दोन. मधली जागा मोकळी. टेबलावर होती तशीच. सव्वीस नंबरला कळलं होतं की आम्हाला कळलंय. मग तो आमच्या शब्दावर विश्वास ठेवील का? की उलट धरून मधे येईल? आणि आम्ही उलटाचं उलट करू असं धरून पुन्हा कडेला राहील? विचार करायला वेळ नव्हता, तरी हे सगळं डोक्यातून गेलं. मित्र कडेला वाकून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी काहीही म्हटलं असतं तरी तो आतच जाणार होता.

“बाहेर,” मी ओरडलो.

चेंडू हातात आला. सव्वीस नंबरने एक पाऊल कडेकडे टाकलं. छाती बाहेर वळली. पण सेफ्टीची छाती बघायची नसते, कंबर बघायची असते. त्याची कंबर वळली नव्हती. मित्र मधे वळला, चेंडूसाठी मान वर केली, दोन्ही हात पुढे केले. त्याच वेळी सव्वीस नंबरने मागचा पाय चिखलात रोवला आणि तो मधे परतला.

छातीच्या उंचीवर फेकला असता तर चेंडू मित्राला मिळाला असता. चेंडूसकट तो कदाचित गोलरेषेपार पडला असता. कसा पडला असता ते मला दिसत होतं. मी त्याच्या गुडघ्यांखाली फेकला. खालचा चेंडू घ्यायचा तर माणसाला जमिनीवर झोकून द्यावं लागतं, आणि जमिनीवरच्या माणसाला धडकता येत नाही. मित्र पुढे कोसळला, चेंडू पोटाशी धरला. सव्वीस नंबर त्याच्या अंगावरून हवेतून गेला आणि पलीकडे हातांवर पडला. गोलरेषा चार-पाच यार्डांवर राहिली. शिट्टी वाजली.

हात मिळवायच्या रांगेत सव्वीस नंबरने हेल्मेट काढलं. चेहरा अगदी मराठी वर्गाच्या मागच्या बाकावरचा. तो माझ्यापाशी थांबला.

“अरे, पहिल्यांदा मला वाटलं, तुम्ही मला फसवता,” तो म्हणाला. “एवढं सरळ कोण सांगतं?”

मग त्याने आम्ही कुठले ते विचारलं. पिनर म्हटल्यावर त्याची एक आत्या तिकडेच राहते असं निघालं. मित्र त्याच्याशी नीट बोलला. माझ्याशी तो पिनरला जायची ट्रेन सुटेपर्यंत बोलला नाही.

डब्यात गर्दी नव्हती. बोलायला लागला तेव्हा तो मराठीतच बोलला, पण हळू, आणि आधी मागच्या सीटवर कोण आहे ते वळून पाहून.

“जागा होती. छातीवर हवा होता.”

“बंद होत होती.”

“मुद्दाम खाली टाकलास.”

मी हो म्हणालो. आईने काही सांगितलं होतं का, असं त्याने विचारलं नाही. मग तो म्हणाला की शब्द बदलायला हवेत. भाज्यांची नावं घेऊ. ‘आत’ला दोडका, ‘बाहेर’ला पडवळ. मी म्हटलं, सव्वीस नंबरच्या आत्याकडेही भाज्या होत असतील. तो थोडा हसला. मग आम्ही आकडे घेऊन पाहिले, नद्या घेऊन पाहिल्या. मी प्रत्येक शब्दाला मान डोलावत होतो, आणि मला प्रत्येक शब्दाच्या मागे तीच जागा दिसत होती. शब्द कोणताही ठेवला तरी जायचं तिथेच होतं.

पिनरला दार काकूंनी उघडलं. मित्राच्या कोपरापर्यंत चिखल होता. त्यांनी त्याच्या मानेमागे हात घातला, दोन बोटांनी वरपासून खालपर्यंत दाबून पाहिलं, हात वर करायला सांगितले, मुठी आवळायला सांगितल्या. तो कंटाळून ते सगळं करत होता. मग त्यांनी आम्हाला बूट बाहेरच काढायला सांगितले.

सामन्याचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. ताटं घेताना पुढचा सामना कधी आहे, एवढंच माझ्याकडे न बघता विचारलं. मी म्हटलं, रविवारी.