पुस्तक कुठे ठेवता?

चष्म्याच्या त्या दुकानात शिरलं की समोर आरसा, आरशाच्या डाव्या हाताला अक्षरांचा तक्ता आणि उजव्या हाताला एक पाटी. दुकान काढणाऱ्या वडिलांनी ती स्वतः रंगवली होती: ‘कृपया येथे धर्म व राजकारण यांवर चर्चा करू नये.’ वडील गेले, काउंटरची काच दोनदा बदलली, पाटी मात्र जागची हलली नाही. तिच्याखाली बसून त्यांचा मुलगा भिंगं घासायला शिकला, तिच्याखालीच त्याचे केस पिकले आणि केव्हातरी सगळी गल्ली त्याला भिंगकाका म्हणायला लागली. बायकोसुद्धा चिडली की याच नावानं हाक मारायची.

भिंगकाकांना त्या पाटीचा मोठा अभिमान. गल्लीत तीन-चार धर्मांची माणसं राहत आणि सगळ्यांची नाकं काकांच्या ओळखीची: कुणाचं डावीकडे झुकलेलं, कुणाचं इतकं बसकं की चष्मा घसरून मिशीवर टेकायचा. पण नाकाच्या पलीकडे काका कधी गेले नाहीत. ‘तीस वर्षांत कुणाला त्याच्या देवाबद्दल एक शब्द विचारला नाही,’ हे ते अशा थाटात सांगत, जणू त्याबद्दल त्यांना कुणी शाल घालणार होतं. ते स्वतः ख्रिस्ती. गिऱ्हाइकांना हे कळायचं ते रविवारी दुकान बंद दिसायचं त्यावरून.

बाकी माणूस मायेचा. चष्म्याच्या काड्या गरम वाळूत धरून धरून कानामागे अशा बसवायचे की घालणाऱ्याला चष्म्याचा विसर पडावा. म्हाताऱ्या माणसांना तर उठू द्यायचे नाहीत. स्वतः गुडघ्यावर बसून नाकावरची फ्रेम सारखी करायचे.

त्यांच्या समोरच्या घरात खाला राहायच्या. जन्मभर शिंप्यांना काजं करून दिली, त्यामुळे डोळ्यांची मोठी कदर. काकांनी त्यांना तीन चष्मे केले होते आणि तिन्ही वेळा त्यांनी दुकानातच सुई ओवून खात्री करून घेतली होती. खालांचा धर्म वेगळा, त्या मुसलमान, पण पाटीच्या कृपेनं दोघांत हा विषय कधी निघालाच नाही. बोलणं व्हायचं ते डोळ्यांचं, गुडघ्यांचं आणि गल्लीतल्या मांजरांचं.

त्या वर्षी खालांचे यजमान गेले. त्याच वर्षी त्या अंगणात पडल्या, पाठीचा मणका दुखावला, डॉक्टरांनी कमरेला रुंद पट्टा बांधायला लावला आणि वाकणं बंद केलं. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं आणि खाला नव्या नंबरसाठी दुकानात आल्या.

“वाचायला हवाय ना?” काकांनी विचारलं.

“हो. एकच पुस्तक वाचायचंय. ते मी…”

पुस्तक कोणतं हे काकांना ठाऊक होतं. यजमानांच्या नावानं खालांनी अख्खं कुराण एकदा वाचायचं मनात धरलंय, हे गल्लीभर माहीत होतं. म्हणूनच काकांनी घाई केली. विषय पाटीकडे झुकतोय असं वाटून त्यांनी खालांच्या हातात वाचायचं कार्ड सरकवलं, नेहमीच्या दीड वितीवर धरलं आणि म्हणाले, “हे वाचा बरं.” खालांनी शेवटची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. काका खूश, खाला खूश. चष्मा तयार होऊन गेला.

तीन महिन्यांनी खालांची सून स्वतःची फ्रेम दुरुस्त करायला आली. काकांनी सवयीनं विचारलं, सासूबाईंचं वाचन कसं चाललंय?  सुनेनं हळूच सांगितलं, की अम्मी वाचतच नाहीत आता. पहिले काही दिवस रोज सकाळी बसायच्या, पण अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसायची. पडण्याआधी निम्मं वाचून झालं होतं, त्याच्या जरा पुढे गेल्या आणि थांबल्या. पुस्तक कापडात गुंडाळून वर ठेवून दिलं. म्हणतात, माझ्या हातून काहीतरी चुकलं असणार, म्हणून त्यानंच थांबवलं.

“मग त्या इथे का नाही आल्या?”

“तुमच्या चष्म्यात खोट नाही म्हणतात. औषधाच्या बाटलीवरचं सगळं दिसतं त्यांना. फक्त तेवढं एक पुस्तक दिसत नाही.”

सून गेली. काका स्टुलावर बसून राहिले. हातातला स्क्रू कुठे पडला त्याचाही पत्ता नव्हता. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला बायको बिलबुकं लावत होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

काकांनी निरोप पाठवला की चष्मा घेऊन या, पुन्हा तपासतो. खालांचा उलट निरोप आला, चष्मा उत्तम आहे, तू जिवाला लावून घेऊ नकोस. दुसरा निरोपही तसाच परत आला. काका दिवसभर भिंगाच्या खोक्यात बोटं घालून बसत. डोळा बरोबर, नंबर बरोबर, काच बरोबर. मग चूक कुठे राहिली?

शेवटी बायकोच म्हणाली, “अहो भिंगकाका, तीस वर्षं लोकांना ‘दिसतंय का’ विचारताय. एकदा ‘काय बघायचंय आणि कसं’ तेही विचारा की.”

“कसं विचारू? त्यांचं पवित्र पुस्तक ते. आपण काय बोलावं त्यात?”

“बोलू नका. विचारा. आणि इथून नको, तिकडे जाऊन.”

खालांच्या घराचा उंबरठा काकांनी तीस वर्षांत दोनदाच ओलांडला होता, दोन्ही वेळा मयतीला. या वेळी खिशात टेप आणि बगलेत चाचणीच्या भिंगांचं खोकं होतं. खाला खिडकीपाशी पाठीला पट्टा बांधून ताठ बसल्या होत्या, शाळेच्या फोटोत बसवावं तशा. काकांनी चप्पल बाहेर काढली, तरी एकदा विचारून घेतलं की आत असंच यायचं ना. मग घसा खाकरून म्हणाले, “खाला, त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होतात आणि मी बोलू दिलं नाही. माझं चुकलं. तुम्ही ते पुस्तक वाचता तेव्हा कुठे ठेवता?”

 खालांनी सुनेला हाक मारली.

सुनेनं समोर छोटं टेबल मांडलं. त्यावर पुस्तक ठेवायची लाकडाची, कात्रीसारखी उघडणारी घडी ठेवली. खाला हात-तोंड धुऊन आल्या, कापड सोडलं आणि पुस्तक त्या घडीवर उघडलं. त्यांनी सांगितलं, की पूर्वी खाली बसून, वाकून वाचायची सवय होती. आता वाकता येत नाही. मांडीवर ठेवायचं मन होत नाही. आईनं लहानपणी शिकवलं ते हाडात बसलंय. म्हणून ते तिथे आणि मी इथे.

काकांना ते लांबूनच दिसलं. डोळ्यापासून पान चांगलं दोन फुटांवर होतं. त्यांनी चष्मा केला होता तो दीड वितीचा. त्यांची स्वतःची आई बायबल हातात धरून, जवळजवळ नाकाशी नेऊन वाचायची, आणि काकांच्या डोक्यात वाचणारं माणूस म्हणजे तेवढं एकच चित्र होतं. आपल्या आईच्या हातांनी त्यांनी खालांचे डोळे मोजले होते.

“टेप पानाला लागली तर चालेल?” त्यांनी विचारलं.

“विचारलंस ते बरं केलंस,” खाला म्हणाल्या. त्यांनी टेपचं टोक स्वतः घडीच्या लाकडाशी धरलं. दुसरं टोक काकांनी खालांच्या भुवईपाशी नेलं. मग चाचणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग घालून बघायला लागले. तिसऱ्या भिंगाला खालांचा हात वर गेला, म्हणजे थांब.

त्या वाचायला लागल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग आवाजात. काकांना एक अक्षर कळत नव्हतं. पण आवाज थरथरत निघाला आणि दोन ओळींत स्थिर झाला, तेवढं कळलं. सून दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

“म्हणजे त्यानं नव्हतं थांबवलं,” खाला पान संपवून म्हणाल्या.

“मी थांबवलं होतं,” काका म्हणाले.

“तू होय! आणि मी तीन महिने माझी पापं मोजत बसले.” खाला इतक्या हसल्या की पट्टा आवळला आणि सुनेला पाणी आणावं लागलं.

चहा आला. निघायचं सोडून काकांनी दुसरा प्रश्न विचारला: आत्ता वाचलंत त्यात काय आहे? खालांनी चकित होऊन सांगितलं, की मरियमची गोष्ट आहे. तिच्या नावाचा अख्खा एक भाग आहे यात. माझी खूण नेमकी तिथेच अडकली होती. काकांचा कप बशीतच राहिला. त्यांची आई रोज जिचं नाव घ्यायची ती बाई समोरच्या घरात, कापडात गुंडाळलेल्या पुस्तकात होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

मग गप्पा लांबल्या. गोड गोड तेवढंच बोलणं झालं असंही नाही. खालांनी स्पष्ट सांगितलं, की तुम्ही तिच्या लेकाला देवाचा मुलगा म्हणता, ते मला कधी पटलं नाही आणि पटणार नाही. काकाही बिचकत म्हणाले, की तो क्रुसावर गेलाच नाही असं तुम्ही मानता, ते माझ्या गळी उतरत नाही.  आता छत कोसळतं की काय, अशा नजरेनं सुनेनं वर पाहिलं.

“बरं,” खाला म्हणाल्या, “तुमच्या पुस्तकात तिच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखव एकदा. ऐकायचंय मला. तू कुठे ठेवून वाचतोस?”

काका खोक्याचं झाकण लावत बसले. खोटं सांगणं त्यांना जमत नसे. “मी वाचत नाही, खाला. आई गेल्यापासून बारा वर्षं उघडलं नाही.”

खालांनी उपदेश केला नाही. नाकावर अजून असलेल्या चाचणीच्या भिंगांतून त्यांच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “का रे, तुझाही चष्मा चुकला का?”

खालांचा चष्मा दुसऱ्या दिवशी तयार झाला. त्यानंतर दुकानात कुणी वाचायचा चष्मा मागितला, की कार्ड देण्याआधी काका म्हणू लागले, “जे वाचायचंय ते घेऊन या, आणि कसं धरता ते दाखवा.” माणसं पोथ्या आणत, प्रार्थनेची पुस्तकं आणत. कुणी उभं राहून दाखवी, कुणी दुकानाच्या फरशीवर मांडी घालून. दाखवता दाखवता माणसं बोलतही. पाटीवरच्या ‘धर्म व’ या शब्दांवर काकांनी एक पांढरी पट्टी चिकटवली. राजकारणाला मनाई तशीच राहिली. तीही उठवणं बायकोनं चालू दिलं नाही.

खालांना वाचून दाखवायचं मात्र महिनाभर रेंगाळलं. अखेर एका रविवारी, दुकान बंद असताना, काकांनी कपाटातून आईचं बायबल काढलं. कडा मऊ पडल्या होत्या. बायकोनं टेप आणली.

“कुठे ठेवू?” ती म्हणाली.

सगळ्या गावाला विचारायचा प्रश्न स्वतःवर आला तेव्हा काका घुटमळले. मग त्यांनी खुर्ची पलंगाशी ओढली, आईच्या शेवटच्या महिन्यात ओढायचे तशी, आणि गादीच्या कडेवर हात ठेवला. “इथे. तिला वाचून दाखवायचो तेव्हा इथेच असायचं.”

बायकोनं पुस्तक तिथे उघडून ठेवलं, टेपचं टोक पानावर धरलं आणि दुसरं काकांच्या भुवईपाशी नेलं.

“हलू नका,” ती म्हणाली, “मोजू द्या.”