वहीतली बारावी विहीर
खळीचा वास आला की मला लातूरच्या कॉलेजची लायब्ररी आठवती. मी तिथं खळ लावून फाटकी पुस्तकं बांधायचो. भूकंपानंतर गावोगाव हिंडून कुठल्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं, ते मी वहीत लिहिलं होतं. एका सरांनी वही वाचायला नेली, परत दिली आणि कॉलेजच्या संशोधन अंकात सगळं स्वतःच्या नावानं छापलं. पुढं सरांचे क्लासेस लई गाजले. मी विसरलो न्हाई. बऱ्याच वर्षांनी लायब्ररीच्या मॅडमनी जुने अंक वेबसाइटवर चढवायला घेतले. साधी पानं, कुठल्याबी मोबाइलवर उघडणारी. मी म्हणलं, "सरांच्या लेखाशेजारी माझी वही लावा." सर तणतणत आले. "मामा, माझा लेख बघून वही लिहिली तुम्ही! सगळ्या विहिरी मी स्वतः मोजल्यात." मी म्हणलं, "मग चला, तुमच्या लेखातली बारावी विहीर दाखवा. माझ्या शेतातली. ती मी नुसती मिरवायला लिहिली होती. माझ्या शेतात विहीरच न्हाई." सर आल्या पावली माघारी फिरले. मॅडमनी त्याच दिवशी वही चढवली. खोटं लिहिल्याची मला आजबी लाज वाटत न्हाई. मॅडमना मात्र बजावून ठेवलंय, सरांचा लेख कधी काढू नका, मी मेल्यावरबी.