पत्रिका जुळवताना भोंगा वाजला

कोळारच्या गोदामात माझी ड्युटी सकाळची, त्यामुळे दुपारी मी कमठाण्याला घरीच असतो. त्या दिवशी चिंताकीची आत्या आली होती. तिला लेकीची पत्रिका एका स्थळाशी जुळवून पाहायची होती, तीही फुकटात. मी कॉम्प्युटरवर तशी एक साइट शोधली, जन्मवेळ घालायला बटण दाबलं आणि कॉम्प्युटर बोंबलायलाच लागला. पडदा लालभडक, भोंगा वाजतोय, आणि कोणी बाई इंग्रजीत बजावतेय: व्हायरस शिरलाय, मशीन बंद करू नका, खालच्या नंबरवर लगेच फोन करा.

"अगाई! मंगळ एवढा कडक हाय व्हय?" आत्या म्हणाली.

खरी कंपनी पडद्यावर असा नंबर टाकून बोलावत नाही, हे कामावर आम्हाला सांगितलेलं होतं. पण कानाशी भोंगा वाजत असताना अक्कल कुठली चालायला! मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

पलीकडे एक गोड आवाजाचा माणूस. "एक ऐप डालिए," तो म्हणाला, "उसमें जो नंबर आएगा, मुझे बताइए. बाकी सब मैं यहाँ से ठीक करूँगा."

मी काही बोलायच्या आत आत्यानं फोन हिसकावला. "कां के हैं बाबा तुम?"

"मैडम, कंपनी से."

"कंपनी मालूम हुई रे. गाँव कौनसा? शादी हुई क्या?"

"मैडम, पहले ऐप डालिए."

मी कानाशी लागून म्हणालो, "आत्या, काय करायलीस? चोर असंल त्यो!"

तिनं फोन हातानं झाकला. "असला तर असला. लग्न झाल्यावर सुधारतेत."

मग पुन्हा फोनमध्ये, "नौकरी पक्की है ना? जनम का टैम बोल, पत्रिका देखती."

त्या माणसाचा गोडवा संपला. पाच मिनिटांत सगळं डिलीट होईल, आत्ताच्या आत्ता ॲप टाका, असं तो खेकसू लागला. मी कंपनीचं नाव विचारलं तर एकदा "हेड ऑफिस" म्हणाला, एकदा "सर्व्हर". एवढी घाई आणि नावाचा पत्ता नाही! माझी उरलीसुरली शंका फिटली. मी सरळ प्लग उपसला. भोंगा गप्प.

"बंद क्यों किया?" तो ओरडला.

"करंट गया रे," आत्या शांतपणे म्हणाली. "तुमारे यहाँ बी जाता क्या?"

त्यानं फोन कापला.

थोड्या वेळानं मी मशीन चालू केली. ते लाल पान पुन्हा न उघडता अँटिव्हायरस फिरवला. काहीच निघालं नाही. सगळा तमाशा नुसत्या एका वेबपानाचा होता. आत्या मात्र हळहळत होती, "कामून चिडला की. बोलायला बरा होता."

पुढच्याच महिन्यात भालकीहून दाजींचा फोन आला. "पडदा लाल झालाय, बोंबलायलाय. नंबरवर फोन लावू का?"

"मुळीच लावू नका, दाजी! कोणी सांगितलं तरी ॲप टाकू नका. आधी वायर उपसा."

फोनमध्ये खुडबुड ऐकू आली.

"उपसलो," दाजी म्हणाले. "भोंगा चालूच हाय. पण फ्रिज बंद पडलाय."