निघतोकाकांचा क्लच

सोनकांबळे काका आमच्याकडे दहा मिनिटांसाठी यायचे आणि त्यानंतर तासभर निघायचे. "निघतो" असं म्हणून ते खुर्चीतून उठत, दारापर्यंत जात, एक पाय चपलेत घालत आणि नेमकी तेव्हाच त्यांना गावाकडच्या विहिरीची गोष्ट आठवे. दुसरा पाय चपलेत जाईपर्यंत आईचा कुकर होऊन त्यातली वाफ जिरलेली असे. मुलुंडच्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे निघतोकाका म्हणत आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "अगं, बसून बोलतात ते पाहुणे. घरची माणसं दारातच बोलतात."

काकू होत्या तोवर यावर उपाय होता. त्या वरच्या मजल्यावरून जिन्यात वाकून नुसतं "अहो" म्हणत आणि काका वाक्य अर्धं टाकून पळत. काकू गेल्या, जिन्यातली हाक बंद झाली आणि काका दारात उभेच राहू लागले. आईने त्यांना कधी घड्याळ दाखवलं नाही. ती सरळ दारापाशी मेथी निवडायला बसे.

काकांच्या घरातली न निघणारी दुसरी वस्तू म्हणजे त्यांची मोटारसायकल. टेलिफोन खात्यात नोकरीला असताना घेतलेली. मागे काकूंना बसवून ते तिच्यावरून वाकोल्याला सासुरवाडीला जात. काकू गेल्यावर त्यांनी गाडी पंपाच्या खोलीशेजारी उभी केली, वर काकूंची एक जुनी चादर घातली आणि त्यानंतर तिला हात लावला नाही. बिल्डिंगमधल्या मांजरींच्या कैक पिढ्या त्या चादरीखाली जन्माला आल्या.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी घरं रिकामी करायचं ठरलं. काका बोरिवलीला मुलीकडे जाणार होते. सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं की पार्किंगमधल्या बेवारस वस्तू भंगारवाल्याला देण्यात येतील. काका तडक त्यांच्याकडे गेले. "ती बेवारस नाही," ते म्हणाले, "आणि ती टेम्पोत आडवी पडूनसुद्धा जाणार नाही. आली तशीच जाईल, स्वतःच्या चाकांवर." एवढं बोलून ते निघाले आणि सेक्रेटरींच्या दारात उभं राहून त्यांनी हेच पुन्हा सविस्तर सांगितलं.

नाक्यावरचा मेकॅनिक येऊन गेला. त्याने चादर उचलली, आत पाहिलं आणि चादर परत खाली सोडली. "काका, देऊन टाका भंगारात," एवढंच म्हणाला. काका फार दुखावले. "नाडीसुद्धा बघितली नाही गं त्याने. थेट मर्तिकाचं सामान आणायला सांगितलं." त्या दिवसापासून त्यांनी गाडी स्वतः दुरुस्त करायला घेतली आणि मदतीला मला घेतलं. मी घरून काम करत होते, म्हणजे त्यांच्या मते मी रिकामी होते.

टाकीतून पहिल्यांदा जे बाहेर आलं त्याला पेट्रोल म्हणणं कठीण होतं. ते ओतून टाकलं, टाकी धुतली, नवं पेट्रोल भरलं आणि लगेच खाली टप टप सुरू झालं. काका मुळीच घाबरले नाहीत. खात्यात त्यांनी जन्मभर लाइनमधले फॉल्ट शोधले होते आणि त्यांचा एक नियम होता. "आधी फॉल्ट कुठे नाही ते बघायचं." त्या नियमानुसार पहिल्या दिवशी आम्ही हॉर्न, हेडलाइट आणि सीट तपासली. तिथून पेट्रोल गळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका टाल्कम पावडरचा डबा घेऊन आले. गाडी कोरडी पुसून तिला पावडर लावायची आणि जिथली पावडर ओली होईल तिथे गळती, असा विचार होता आणि तो बरोबरही होता. फक्त काकांनी नियमाला धरून पावडर सगळीकडे लावली. मडगार्डला, आरशांना, स्टँडलासुद्धा. तळमजल्यावरच्या वैद्यआजी खिडकीतून बघत होत्या. "कुठे कार्य आहे का हो?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "आजी, तुमची उदबत्ती तेवढी आज आतच लावा. देवाला मी सांगतो." वैद्यआजींनी त्यानंतर आठवडाभर देवापुढे नुसतं फूल ठेवलं, कारण पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास इतका होता की जिना उतरताना डोळे चुरचुरत.

पावडर ओली झाली ती टाकीखालच्या कॉकपाशी. आतला रबरी वॉशर वाळून पापड झाला होता. तो बदलला. गळती थांबली आणि थोड्या वेळाने कार्बोरेटरमधून सुरू झाली. आतला फ्लोट म्हणजे तरंगणारा गोळा अडकला होता, त्यामुळे पेट्रोल आत येणं थांबतच नव्हतं. काकांनी वैद्यआजींकडून सांडशी आणली आणि तिच्या मुठीने कार्बोरेटरवर हळूच टकटक केली. गळणं बंद झालं. मला वाटलं काम झालं, पण फ्लोट रोज नव्याने अडकू लागला. तेव्हा रोज सकाळी काका पार्किंगमध्ये जात आणि कुणाच्या घरी आल्यासारखं कार्बोरेटर वाजवून थोडा वेळ थांबत. "वाजवल्याशिवाय कोण दार उघडतं?" असं त्यांचं म्हणणं.

खरी वाट लावली ती क्लचने. केबल गंजली होती. कागदाची पुंगळी करून तिच्यात तेल सोडलं तेव्हा ती सुटली, पण हँडलवरची मूठ दाबली तरी चाक इंजिनापासून सुटेना. दोन्ही एकजीव झाली होती. काकांनी मोबाइलवर कुणा मेकॅनिकचा व्हिडिओ पाहिला, त्याच्याशी दोन ठिकाणी भांडण केलं आणि मला समजावून सांगितलं. "आत प्लेटा असतात. उभी राहून राहून त्या एकमेकींना चिकटल्यात, गरम पोळ्या डब्यात भरल्या की चिकटतात ना, तशा. आता एकदम सोडा म्हटलं तर कशा सोडतील?" झाकण खोलायचं तर त्याचं पॅकिंग कुठे मिळत नव्हतं. म्हणजे एकच उपाय. ढकलून गाडी चालू करायची, क्लच दाबून धरायचा आणि तापून प्लेटा सुटेपर्यंत चालवत राहायची. मधे थांबलं की इंजिन बंद. न्यूट्रल त्या गाडीला पूर्वीपासूनच सापडत नसे.

काकांचं सामान टेम्पोत घालून मुलगी पुढे गेली त्या दिवशी अख्खी बिल्डिंग खाली जमली. निघतोकाकांचा निरोप म्हणजे वेळ लागणार, म्हणून सगळे जेवून आले होते. दोघांनी खुर्च्याही आणल्या होत्या. आई वाटीत दही आणि साखर घेऊन उभी होती. काकांनी हेल्मेट घातलं, कार्बोरेटर वाजवला आणि म्हणाले, "बाकी बोलू नंतर. आधी ढकला."

पंपाच्या खोलीपासून थोडा उतार आहे. आम्ही चौघांनी जोर लावला, गाडीने दोन आचके दिले, काळा धूर सोडला आणि काका आमच्या हातांतून सुटून बिल्डिंगच्या मागे दिसेनासे झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका दुसऱ्या बाजूने उगवले.

"थांबता येत नाहीये," असं सांगून ते पुढे गेले.

पुढच्या फेरीला ते म्हणाले, "वैद्यआजी, तुमची सांडशी..." आणि वळले. आजी कोपऱ्याकडे डोळे लावून बसल्या. काका परत आले. "...पंपाच्या खोलीवर ठेवलीय."

मग निरोप असाच तुकड्यातुकड्याने चालला. सेक्रेटरींना "राग धरू नका," हे एका फेरीत मिळालं आणि "तुमची चूकच होती," हे पुढच्या. हातावर दही घालायचं तर काकांचा डावा हात क्लच दाबून होता आणि उजव्या हातात ॲक्सिलरेटर. आई चमचा घेऊन गाडीबरोबर पळाली. पहिला चमचा शर्टावर गेला, दुसरा हेल्मेटवर. तिसऱ्या वेळी काकांनी लांबूनच तोंड उघडून ठेवलं आणि दही बरोबर आत गेलं. खुर्च्यांवरची मंडळी हसून हसून वाकली होती. आई हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

वॉचमनने गेट उघडून ठेवलं होतं. काका कधी बाहेर पडतील याचा नेम नव्हता, म्हणून रस्त्यावरच्या गाड्या बघायला मी तिथे उभी राहिले. तेवढ्यात बिल्डिंगच्या मागच्या बाजूला कट् असा आवाज झाला. काका वळून आले ते सरळ गेटकडे, आणि नेमकी त्याच वेळी गेटसमोर एक रिक्षा आडवी आली.

काका थांबले. इंजिन धडधडत होतं, डाव्या हाताची मूठ दाबलेली होती आणि गाडी जागच्या जागी शांत उभी होती. क्लच सुटला होता. आता पाय टेकून कितीही वेळ उभं राहता आलं असतं. मागे सगळी माणसं होती, वरच्या मजल्यावर त्यांची रिकामी खिडकी होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रिक्षा निघून गेली. काका "येतो गं" म्हणाले, मूठ सोडली आणि एकदाही मागे न बघता हायवेच्या दिशेने गेले. त्यांना इतकं पटकन जाताना मी फक्त काकूंच्या हाकेनंतर पाहिलं होतं.

मागे सगळे अजून कोपऱ्याकडे बघत होते, पुढच्या फेरीची वाट पाहत. आईने चमच्यात दही भरून ठेवलं होतं.

संध्याकाळी बोरिवलीहून फोन आला. आमच्या घरात बसायला एक खुर्ची उरली होती, बाकी सगळी खोकी.

"पोचलो," काका म्हणाले. "टाकी एक थेंब गळली नाही. पण तो क्लच काही सुटला नाही बघ. नाहीतर थांबलो असतो ना. सगळ्यांशी नीट बोललो असतो."

"हो ना काका," मी म्हटलं. "क्लचच सुटला नाही, तर तुम्ही तरी काय करणार?"

काका म्हणाले, "बरं, ठेवतो आता."

मी ती खुर्ची ओढून घेतली आणि बसले. आईने पंखा लावला. तिकडून काकांनी घसा साफ केला आणि गावाकडच्या विहिरीची गोष्ट सुरू केली.